कुंडल रोडचे कुंपण

मिरजेहून पुण्याकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. जुन्या माणसांच्या तोंडी आणि जुन्या वेळापत्रकांत त्याचे नाव ‘कुंडल रोड’ असे होते. ज्या कुंडलवरून ते पडले ते गाव स्थानकापासून थोड्या अंतरावर डोंगराच्या कुशीत वसले आहे. झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ या स्थानांमुळे जैन यात्रेकरू तेथे पिढ्यान्‌पिढ्या येत आले. एके काळी औंध संस्थानाचा तो एक तालुका होता. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ अशा चार ठिकाणी विखुरलेल्या त्या चिमुकल्या संस्थानात अवघी बहात्तर गावे होती. घराची दर्शनी बाजू, अंगण आणि कुंपण यांविषयी आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याची सुरुवात या आडबाजूच्या गावापासून करावी, असे आम्ही ठरविले. त्याचे कारण मात्र आमच्या स्वतःच्या दारातले आहे.

आम्ही राहतो त्या गृहनिर्माण संस्थेत मागे एक वाद झाला. तळमजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी आपल्या खिडकीसमोरच्या हातभर जागेला बांबूच्या कामट्यांचे कुंपण घातले, त्याला कडूमेंदी लावली आणि आत एक खुर्ची ठेवली. संध्याकाळी त्या तेथे बसत. येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत. संस्थेची जागा सर्वांची, ती एकट्याने अडवता येत नाही, शिवाय इमारतीच्या दर्शनी बाजूला बाध येतो, असे म्हणून कार्यकारी समितीने नोटीस दिली. तीन सभा झाल्या. अखेर कुंपण काढावे असा ठराव मंजूर झाला. आम्हीही त्या ठरावाच्या बाजूने हात वर केला होता. नियम पाहता ठराव बरोबरच होता. पण कुंपण निघाले त्या दिवसापासून बाई बाहेर बसेनाशा झाल्या, आणि जिन्यात भेटल्या तरी नुसत्या मान हलवून पुढे जाऊ लागल्या. बरोबर असलेल्या ठरावाने आमच्या मनाला एवढी टोचणी का लावावी, हे कळेना. म्हणून कुंपणाच्या नियमांचा इतिहास आम्ही चाळू लागलो आणि चाळता चाळता कुंडल रोडला येऊन पोहोचलो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग मूळचा बेळगावचा. भाऊ रामूअण्णा यांच्यासह सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकऱ्यांना वाटे. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण बेळगाव त्यांना का सोडावे लागले, हे थोड्यांच्या लक्षात असते. नगरपालिकेने ठळकवाडी, म्हणजे आजची टिळकवाडी, हे नवे उपनगर आखावयास घेतले आणि कारखान्याची जागा त्या आखणीत आली. सुबक घरांच्या वस्तीत भट्टी नि हातोडे कोणाला हवे होते? जागा सोडण्याविषयी नोटीस आली. एका नीटनेटक्या वसाहतीच्या नियमाने हुसकावलेल्या माणसाने पुढे स्वतःच एक नीटनेटकी वसाहत उभारली, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि कर्जाऊ रकमेची सोय केली. (पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंच्या काच कारखान्यालाही याच राजाचा हात लागला आणि ओगलेवाडी वसली. कलावंत म्हणून प्रसिद्ध असलेल्या या राजाची उद्योगाविषयीची दृष्टी आम्हांस त्याच्या चित्रांहून मोठी वाटते.) मार्च १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आपली बायकामुले घेऊन त्या माळावर उतरले. माळावर दोनच गोष्टी विपुल होत्या: निवडुंग आणि नाग.

या निवडुंगाजवळ थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या देशावरच्या कुंपणाचा इतिहास हा बव्हंशी त्याचाच इतिहास आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, दर्यावर्द्यांबरोबर इकडे आलेला. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी किरमिजी रंग देणारे किडे पैदा करावे म्हणून ब्राझीलकडून आलेले किडे निवडुंगावर सोडले. किडा चुकीच्या जातीचा निघाला आणि रंग असा काही मिळाला नाही. निवडुंग मात्र शेतकऱ्याच्या उपयोगी पडला. एक फड मातीत खोचला की पाणी न मागता वाढतो, शेळी तोंड लावत नाही, चोर हात घालत नाही. शेराचे आणि घायपाताचे कुंपणही आपल्याकडे असेच फुकटचे; पण निवडुंगाची सर त्यांना नव्हती. सरकारलाही कुंपणाचा हा गुण माहीत होता. मिठावरील जकात चुकू नये म्हणून उत्तरेत सिंधूपासून खाली बऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत आणि तेथून पूर्वेला महानदीकडे जी जकातरेषा आखली होती, तिच्यावर शेकडो मैल बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे जिवंत कुंपण वाढविले होते. १८६९ च्या सुमारास ती रेषा तेवीसशे मैलांची होती आणि तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे पहाऱ्यास होती. या कुंपणाची निगा राखणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांचा पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत मोठा वाटा होता. १८७९ मध्ये ती जकातरेषा मोडली आणि कुंपण इतके नाहीसे झाले की लोक त्याला विसरूनही गेले.

निवडुंगाचा दोष असा की तो मालकाची मर्यादा मानीत नाही. बांधावर लावला तर दोन-चार पावसाळ्यांत तो शेतात उतरतो, गायरान गिळतो, वाटा बुजवितो. राखण करावी म्हणून लावलेले कुंपणच शेत खाते, ही म्हण आपण लबाड रखवालदाराविषयी वापरतो. निवडुंगाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. अखेर किड्यानेच त्याचा निकाल लावला. १९२६ साली सिलोनमधून दक्षिण हिंदुस्थानात योग्य जातीचा किडा आणण्यात आला आणि काही वर्षांतच मैलोगणती निवडुंग पांढरा पडून वाळला. ऑस्ट्रेलियात त्याच सुमारास एका पतंगाच्या अळीने हेच काम केले.

कुंडल रोडच्या माळावर मात्र १९१० साली किडा नव्हता, कुदळ होती. निवडुंग तोडून जाळावा, नाग दिसेल तो मारावा, मग पाया खणावा, असा क्रम होता. कामांची वाटणी ठरली होती. वसाहतीची आखणी नि कारभार रामूअण्णांकडे, यंत्रांची बाजू शंभुराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. लक्ष्मणरावांनी परदेशांतील कारखानदारांच्या आदर्श वसाहतींविषयी वाचले होते आणि आपल्या कामगारानेही तशाच हवेशीर घरात राहावे असे त्यांच्या मनात होते. निवडुंगाच्या जागी पुढे वाडीत गुलाब फुलले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी १९८२ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे नाव दिले. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी याच माळावरून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांच्या घरी किर्लोस्करवाडीचा पत्ता छापलेले अंक येत असत. मराठी घर आतून कसे असावे, हे त्या अंकांनी शिकविले. ते बाहेरून कसे असावे, हे वाडीने दाखविले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्या परदेशी वसाहतींचे नियम कसे होते, हे पाहण्याजोगे आहे. इंग्लंडात लिव्हरसाहेबांनी साबणाच्या कारखान्याशेजारी १८८८ पासून पोर्ट सनलाइट हे गाव वसविले. प्रत्येक घरापुढे बाग असावी अशी त्यांची हौस. परंतु कामगारांनी त्या बागेत कोंबड्या पाळल्या, धुणी वाळत घातली. तेव्हा कंपनीने घरापुढच्या बागा स्वतःच्या ताब्यात घेतल्या. माळी कंपनीचा, हिरवळ कंपनीची, घरापुढे सलग गवत आणि मधे कुंपण नाही. भाजीपाला लावावयाचा तर मागे वेगळे वाफे होते. समोरच्या बागांची निगा आजही तेथील विश्वस्त संस्थाच राखते. बर्मिंगहॅमजवळ कॅडबरी कुटुंबाच्या बोर्नव्हिल गावात (तेथील घरांचे काम १८९५ मध्ये सुरू झाले) रीत थोडी निराळी होती. घर ताब्यात देण्याआधीच मागल्या अंगणात फळझाडे लावून ठेवीत आणि पुढची जोपासना राहणाऱ्याकडे सोपवीत. आम्हांस यांतील दुसरी रीत अधिक शहाणपणाची वाटते. पहिलीत माणूस सुंदर घरात राहतो खरा, पण त्या सौंदर्यात त्याचा हात नसतो.

किर्लोस्करवाडीची घरेही कारखान्याची, राहणारा तेथला कामगार. अशा वसाहतीत रंग कोणता द्यावा, झाड कोठे लावावे याचा निर्णय शेवटी मालकाकडे असतो आणि नोकरीबरोबर घरही सुटते. हे ध्यानात ठेवूनच तिची थोरवी सांगितली पाहिजे. ती थोरवी आमच्या मते गुलाबांत नाही, पहारेकऱ्यांत आहे. वाडीची राखण लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांवर सोपविली. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांनाही ते विश्वासाने कामावर घेत, आणि वाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही.

याचे महत्त्व कळण्यासाठी आपल्या जुन्या गावाच्या कुंपणाकडे, म्हणजे गावकुसाकडे, पाहिले पाहिजे. मराठी गावाची जमीन ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी दोन भागांत विभागलेली. काळीत पीक, पांढरीत घरे. पांढरीभोवती दगडमातीचे कूस असे आणि त्या कुसाच्या आत कोणी राहावे व बाहेर कोणी, हे जातीने ठरलेले होते. ‘गावकुसाबाहेरची माणसे’ हा शब्दप्रयोग आपण आज लेखांत नि भाषणांत सहज वापरतो. पण तो मुळात कुंपणाचा नियम आहे. महार, मांग, रामोशी यांचे वाडे कुसाबाहेर, आणि राखणदारीचे वंशपरंपरागत काम मात्र त्यांच्याचकडे! रात्री गावाचे रक्षण करणाऱ्याने दिवसा गावात मोकळेपणी वावरू नये, असा तो न्याय होता. रामोश्याने राखण करणे यात नवे काहीच नव्हते. ज्या वस्तीची राखण करावयाची ती वस्ती आपलीच आहे, हे त्याला जाणवणे नवे होते. १९१० साली, सातारा-सांगलीच्या मुलखात, हे लहान काम नव्हते.

आणि हे केवळ आपल्याकडचे व्यंग नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाची प्रचंड वसाहत उभी राहिली. १९४७ मध्ये पहिली कुटुंबे राहावयास आली. करारात लिहिलेले नियम असे: घराभोवती कुंपण घालू नये, गवत आठवड्यातून एकदा कापावे, शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालू नयेत. वाचताना हसू येते. पण त्याच कराराने हेही बजावले होते की, गोऱ्या वंशाखेरीज कोणालाही हे घर वापरू देता येणार नाही. लाकडी कुंपणाला बंदी आणि माणसांचे कुंपण मात्र पक्के! अशा वंशभेदी अटी न्यायालये अमलात आणू शकणार नाहीत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तरीही वसाहतीचा रंग बदलावयास फार काळ लागला. घराच्या बाह्यरूपाचे नियम आणि शेजारी कोण असावा याचे नियम एकाच कागदावर येतात तेव्हा वाचकाने सावध व्हावे, एवढे यातून आम्ही शिकलो.

आपल्या मुंबईतही दोन्ही प्रकार झाले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याचे भूखंड आखून भाडेपट्ट्याने दिले. इमारतीभोवती इतकी जागा मोकळी सोडावी, इतकेच मजले चढवावेत, अशा अटी त्यांत असत. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांचा मोकळेपणा त्या अटींतून आला. पारशी कॉलनीत ट्रस्टचे अभियंते मंचेरजी जोशी यांनी आपल्या समाजासाठी भूखंड राखून घेतले आणि रस्त्यारस्त्यांवर झाडे लावविली. सहकारी पद्धतीने घरे बांधण्याचा मान मात्र गावदेवीच्या सारस्वत संस्थेकडे जातो. ती श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली उभी राहिली. पाठोपाठ १९१८ मध्ये वांद्र्याला सॅलसेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. एफ. ए. सी. रिबेलो हे तिचे प्रमुख प्रवर्तक. भातशेतीच्या जमिनीवर तिने बंगल्यांची रांग उभी केली. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे नातेवाईक त्या रस्त्यांवर वाढले आहेत. बैठे घर, पुढे ओटा, बुटकी भिंत, तिच्यावरून शेजाऱ्याशी बोलता यावे इतकीच तिची उंची! त्या भिंती आता वाढत वाढत डोक्याच्या वर गेल्या आहेत आणि पुष्कळ ठिकाणी बंगल्याच्या जागी इमारत आली आहे.

समाजासमाजाच्या या संस्थांनी सामान्य माणसाला डोक्यावर छप्पर दिले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. जात, धर्म यांवरून सभासदत्व मर्यादित ठेवावे काय, हा प्रश्न पुढे गुजरातेतील एका पारशी संस्थेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये न्यायालयाने संस्थेचा उपविधी ग्राह्य धरला. कायद्याने तो विषय तेथे मिटला असेल. आम्हांस विचाराल तर मनातून मिटलेला नाही. ज्यांना एके काळी भाड्याने जागा मिळणे मुश्कील होते त्या अल्पसंख्याकांनी एकत्र येऊन घरे बांधणे निराळे, आणि ज्यांना कोणी अडवीत नाही त्यांनी दुसऱ्याला अडविण्यासाठी एकत्र येणे निराळे. कागदावर दोन्ही उपविधी सारखेच दिसतात.

महाराष्ट्रात १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने आणि १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने या सगळ्याला आज परिचित असलेले रूप आले. शासनाने तयार केलेले आदर्श उपविधी बहुतेक संस्था स्वीकारतात. त्यांचा गाभा साधा आहे. इमारतीच्या बाहेरच्या भिंती, गच्ची, जिने, आवारभिंत आणि फाटक यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची, सदनिकेच्या आतली सभासदाने. बाहेरच्या कामासाठी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीला आणि पाव टक्का सिंकिंग फंडाला द्यावयाचा. संस्थेच्या लेखी परवानगीवाचून बांधकामात फेरफार नाही, सामाईक जागा कोणी व्यापावयाची नाही. हा पाऊण टक्का पुष्कळ संस्थांत वर्षानुवर्षे नीट जमा होत नाही. मग गिलावा सुटतो, सळया उघड्या पडतात आणि सज्जा खाली येतो. दर्शनी बाजू हा नुसता दिखाऊपणाचा विषय नव्हे, हे ज्यांच्या डोक्यावर पावसाळ्यात सज्जाचा तुकडा पडता पडता राहिला त्यांना समजावून सांगावे लागत नाही. गंमत अशी की, निधी थकल्याबद्दल सभेत कुजबुज होते आणि कुंडीबद्दल मात्र आरडाओरडा!

आता पुन्हा कुंडलकडे. शहरातील उपविधी काल-परवाचे. गावात ही व्यवस्था पूर्वीपासून चालत आली. तिचे नियम बहुतेक न लिहिलेले. आपल्या छपराची पागोळी आपल्याच जागेत पडली पाहिजे, हा त्यातला सर्वांत कडक. पागोळीवरून भावाभावांनी डोकी फोडल्याच्या हकीकती गावोगाव ऐकू येतात. इंग्रजांनी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात पागोळी, उजेड, वारा नि वाट यांना शब्दरूप दिले आणि १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू केला. तथापि त्या आधीही पंचांना हे सर्व पाठ होते. दिवाळीआधी पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने भिंती सारवाव्यात, जोत्याला गेरूचा पट्टा ओढावा, सकाळी दारापुढे सडा घालावा, हेही नियमच. पण त्यांची अंमलबजावणी नोटिशीने नव्हे, शेजारणीच्या जिभेने होई. हा भार सारा बायकांच्या कमरेवर होता, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

स्वातंत्र्यानंतर ग्रामपंचायती आल्या. १९५८ च्या अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने घर बांधण्यापूर्वी पंचायतीची परवानगी घ्यावी लागते आणि ५३ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावर आलेली भिंत, कुंपण, कठडा, ओसरी, जोते वा पायरी पंचायत काढू शकते. शेताच्या बांधाचे नियम १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहेत. तिच्या १४३ व्या कलमान्वये शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाटीची वाट मागता येते आणि अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा आजही आधार घेतला जातो. कायद्याची उणीव नाही. तालुक्याच्या कचेरीत मात्र एकेक बांध पिढ्यान्‌पिढ्या भांडत बसलेला आढळतो.

या पार्श्वभूमीवर १९४३ ते १९४६ या काळात कुंडलने काय केले ते पाहावे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक प्रमुख केंद्र, किंबहुना राजधानीच. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड येथलेच. इंग्रजी हद्दीतील पोलिसांना संस्थानात सहजी शिरता येत नसे आणि औंधच्या दरबाराची सहानुभूती लपलेली नव्हती. या सरकारला इमारत नव्हती, कचेरी नव्हती, आवारभिंतीचा तर प्रश्नच नव्हता. पण गावोगाव त्याची न्यायदान मंडळे बसत आणि जमिनीचे, सावकारीचे, देण्याघेण्याचे तंटे तेथल्या तेथे तुटत. त्यातील काही शिक्षा कठोर होत्या आणि त्यांचे समर्थन आम्ही करणार नाही. ‘पत्री सरकार’ हे लोकांनी पाडलेले नाव त्या शिक्षेचीच आठवण आहे. तरी वकील नाही, मुद्रांक नाही, आणि निकाल देणारा गावातलाच असल्यामुळे बांध कोणाचा हे त्याला आधीच ठाऊक, ही सोय लोक विसरले नाहीत.

याच जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील पुढे ग्रामविकासमंत्री झाले आणि २००० साली त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावेच्या गावे हातात झाडू घेऊन उतरली. गटारे वाहती झाली, उकिरडे हलले, भिंतींना रंग लागले. शासनाने दंड केला असता तर हे झाले नसते. बक्षीस ठेवले म्हणून झाले. अर्थात पुष्कळ ठिकाणी परीक्षण पथकाची गाडी गेली आणि उकिरडे परत आले. २००७ मध्ये गृहमंत्री असताना त्यांनीच तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावात समिती बसवून बांधाचे, कुंपणाचे, भाऊबंदकीचे तंटे समोरासमोर मिटवावेत, असा तिचा हेतू. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांचा हा सौम्य अवतार, असे आम्हांस वाटते. १९४० च्या दशकातील त्या आठवणी ज्या मुलखात ताज्या होत्या तेथलाच मंत्री ही कल्पना काढतो, यात नवल नाही.

औंधच्या कथेतील शेवटचे पान आटपाडीकडचे आहे. १९३९ च्या जानेवारीत पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता, युवराज आप्पासाहेब पंतांचा उत्साह होता आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याचे परिश्रम होते. ‘भारतानंद’ या नावाने तो इकडे ओळखला जाई. त्याच वर्षी आटपाडीजवळच्या माळावर संस्थानाने ‘स्वतंत्रपूर’ वसविले. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे जमीन कसून राहू लागले, पुढे बायकामुलांसह. तुरुंगाला भिंत नाही, तारेचे कुंपण नाही, फाटकावर बंदूकधारी नाही. मराठी माणसाला ही कथा १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामुळे माहीत झाली. पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच माणदेशाचे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, पण ती वसाहत राज्याच्या तुरुंग खात्याकडे पुढे चालू राहिली.

कुंडल रोडच्या माळावर निवडुंग तोडून वस्ती उभी करणारा उद्योजक आणि आटपाडीच्या माळावर कुंपणच न घालणारा राजा, ही दोन्ही माणसे एकाच बहात्तर गावांच्या मुलखात वावरली. पहिल्याने कुंपण राखावयास त्यांनाच बोलावले ज्यांच्यासाठी एरवी कुंपणे घालतात. दुसऱ्याने त्यांच्यापुढे कुंपणच ठेवले नाही. आमच्या संस्थेच्या तीन सभांत ‘दर्शनी बाजू’ हा शब्द कितीदा उच्चारला गेला याची गणती नाही. त्या बाईंना खुर्ची कोठे ठेवावयाची आहे, हे मात्र एकदाही कोणी विचारले नव्हते.

पुढल्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत आम्ही एक विषय सुचविला आहे: फाटकाच्या आत, पिंपळाखाली, संस्थेच्या खर्चाने एक बाक असावा. बाक सामाईक, त्यामुळे उपविधींचा अडसर नाही. चिटणीसांनी अर्ज ठेवून घेतला आहे. पाठ टेकता येईल असाच बाक घ्यावा, अशी एक ओळ खाली शाईने वाढविली आहे. अक्षर आमचे नाही.